डावीकडची खिडकी

१

पानिपतच्या अलीकडे गव्हाच्या एका शेतात ते विमान नाक खुपसून उभं होतं. शेपूट आभाळाकडे, एक पंख दुमडलेला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, एखादा अवाढव्य बगळा चिखलात काहीतरी शोधतोय. जवळ गेलेल्यांना मात्र तसं काही वाटलं नाही. डावीकडच्या खुर्चीत मानस हर्डीकर मरून पडला होता. उजवीकडच्या खुर्चीत त्याच्या बहिणीचा नवरा अनुराग बेशुद्ध होता, पण श्वास चालू होता.

प्रेत ओळखायला मानसच्या वडिलांचे मित्र राजाभाऊ सबनीस गेले. मानसची आई, प्रभावहिनी, जाण्याच्या स्थितीत नव्हत्या. महिनाभरापूर्वीच नवरा गेलेला, आणि आता हे.

राजाभाऊंविषयी थोडं सांगायला हवं. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन ते दिल्लीत मयूर विहारमध्ये राहत. तरुणपणी त्यांनी हौसेनं खाजगी वैमानिकाचं लायसन्स काढलं होतं. पुढे रक्तातली साखर वाढली आणि ते कपाटात गेलं. त्या लायसन्सच्या जोरावर त्यांनी आकाशात जेवढं केलं, त्याच्या दसपट जमिनीवर बोलून केलं. यमुनेच्या वाळवंटात विमान उतरवून कलिंगड खाल्ल्याची त्यांची गोष्ट महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना पाठ होती. दर वर्षी त्यातलं कलिंगड मोठं होत असे.

पानिपतच्या शवागारात मात्र त्यांना तोंड उघडवेना.

"भाड़े पे ले जाता था क्या लोगों को?" सब-इन्स्पेक्टरनं विचारलं.

"प्रायव्हेट लायसन्स है, साहब," राजाभाऊ म्हणाले. "घरवालों को ले जा सकते हैं, दोस्तों को ले जा सकते हैं. पैसा एक नहीं ले सकते."

"तो फिर ऊपर क्या करने गए थे?"

काय सांगायचं? भाऊसाहेब हर्डीकर जन्मभर पानिपतानं झपाटलेला माणूस. रेल्वे मंत्रालयातली नोकरी संपल्यावर दर संक्रांतीला सगळ्या कुटुंबाला गाडीत कोंबून रणभूमीवर नेत. तिळगूळ नंतर, आधी पूर्वजांना नमस्कार. जाताना सांगून गेले, माझ्या अस्थी तिथं सोडा. वरून सोडा, म्हणजे सगळ्यांवर पडतील. प्रभावहिनींनी यमुनेचं नाव काढलं तर खवळले होते. "यमुना? त्यावरचा फेस पाहिलायस का? मी काय धुवायला टाकलेला कपडा आहे?"

मुलगा मानस खाजगी वैमानिक. नियमाला एकदम पक्का. विमानातून काही टाकायचं तर परवानगी लागते, ती त्यानं काढली. मग धुकं आडवं आलं. त्याच्या लायसन्सवर उजेडात आणि खालची जमीन डोळ्यांना दिसत असतानाच उडता येत होतं, म्हणून धुकं सरेपर्यंत तो थांबला. तोवर अस्थींचा तांब्या घराच्या बाल्कनीत, ग्रिलला टांगून.

चादर बाजूला झाली. राजाभाऊंनी चेहरा पाहिला, मान हलवली. नजर खाली गेली तेव्हा जानवं दिसलं. उजव्या खांद्यावर होतं. अपघातात सरकलं असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि तिथंच राहिलं.

"कलश हाथ से छुड़ाना पड़ा, अंकल," सब-इन्स्पेक्टर हळूच म्हणाला. "बाएँ हाथ में जकड़ा हुआ था. बाप से बहुत लगाव होगा."

दोन दिवसांनी अनुरागनं जबाब दिला. अस्थी टाकून झाल्या होत्या. मानस रडायला लागला. आता कशासाठी जगायचं, म्हणाला, आणि हातातला दांडा पुढे ढकलून विमान सरळ खाली घातलं.

म्हणजे आत्महत्या. आणि सोबत बहिणीच्या नवऱ्यालाही घेऊन जायला निघाला होता.

२

"राजाभाऊ, मला एकच सांगा," प्रभावहिनी म्हणाल्या. "माझ्या मुलानं मुद्दाम केलं का?"

समोर चहा निवत होता. घरात माणसं येऊन गेली होती आणि येताना आणलेली वाक्यं ठेवून गेली होती. बिचारा हळवा होता. वडिलांचं फारच मनाला लावून घेतलं. खालच्या मजल्यावरच्या बाई तर म्हणाल्या, निदान बहिणीच्या कुंकवाचा तरी विचार करायचा!

"पोलीस काय म्हणतात ते सोडा," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही विमान चालवलंय. तुम्ही सांगा. मुद्दाम केलं असेल तर मला कळायला हवं. कारण मीच त्याला म्हटलं होतं, बाबांच्या अस्थी तुझ्याच हातून गेल्या पाहिजेत. तो तयार नव्हता. म्हणत होता, आई, मी चालवतो, अनुराग सोडेल. मी म्हटलं, जावयाच्या हातून? मुलगा जिवंत असताना?" त्या थांबल्या. "असताना."

राजाभाऊंनी कप उचलला आणि तसाच ठेवला.

"वहिनी, पोलिसांनी काही परत दिलंय?"

त्यांनी बाल्कनीकडे बोट दाखवलं. ग्रिलला पुन्हा तांब्या टांगलेला होता. एका बाजूनं चेपलेला. "कुणाला हात लावू दिला नाही मी. काय असेल त्यात, बघायचं धाडस नाही."

"मी बघू?"

त्यांनी पाठ फिरवली. राजाभाऊंनी ते होकार समजून तांब्या खाली उतरवला. आत अस्थींची कापडी पुरचुंडी. दोरी सोडलेली, तोंड उघडं, आणि आत रक्षा. तळाला चिकटलेली चिमूटभर नव्हे. पुरचुंडी निम्मी भरलेली होती.

राजाभाऊ तिथंच, बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसले. अनुराग म्हणाला होता, अस्थी टाकून झाल्या होत्या.

आणि मग शवागारातलं जानवं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. जानवं एरवी डाव्या खांद्यावर असतं. पितरांचं कार्य करताना उजव्या खांद्यावर घेतात, कार्य संपलं की पुन्हा डाव्या. एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायचं तर त्यातून हात बाहेर काढून दुसरा हात आत घालावा लागतो. धक्क्यानं जानवं तुटेल, गळ्याशी गोळा होईल, पण आपल्या आपण खांदा कसं बदलेल?

"वहिनी," ते म्हणाले, "विमान पडलं तेव्हा विधी चालू होता. संपला नव्हता."

"म्हणजे?"

"म्हणजे अनुराग खोटं बोलतोय."

प्रभावहिनींचा चेहरा उजळला नाही. उलट अधिकच पांढरा पडला. अनुराग त्यांच्या एकुलत्या उरलेल्या लेकराचा नवरा होता.

३

ज्या क्लबाचं विमान होतं तो हरियाणात, शेतांच्या मधोमध. एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड, आणि पन्नाशीचा मुख्य प्रशिक्षक विनायक पानसे. राजाभाऊंना बघून त्याचा चेहरा पडला.

"सबनीससाहेब, कलिंगडाची गोष्ट सांगायला आला नाहीत ना?"

"आज ऐकायला आलोय. मानसचे कागद?"

"एक नंबर. मेडिकल, म्हणजे डॉक्टरी तपासणीचा दाखला, चालू. तीन महिन्यांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणी केल्याशिवाय कुणाला शेजारी बसवता येत नाही, तर हा पाच-पाच करून ठेवायचा. यार, असा मुलगा... विमान उत्तम होतं, इंजिन उत्तम होतं. माझ्याकडून काही कमी नव्हतं."

विचारलं नसताना दिलेल्या उत्तराकडे राजाभाऊंचं नेहमी लक्ष जाई. "काही कमी नव्हतं, असं मी कुठं विचारलं?"

विनायकनं शेडबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानाकडे बघितलं. अगदी तसंच, त्याच कंपनीचं. राजाभाऊ सरळ जाऊन त्यात बसले. पुढे दोन खुर्च्या, आणि दोन्हींसमोर एकेक दांडा. डावीकडून चालवा नाहीतर उजवीकडून, विमानाला फरक पडत नाही. फक्त कप्तान डावीकडे बसतो एवढी रीत. म्हणून तर डावीकडचा मेला म्हटल्याबरोबर सगळ्यांनी ठरवलं, चालवत होता तो गेला.

राजाभाऊंनी डावीकडची खिडकी ढकलली. उघडली. उजवीकडची ढकलली. तीही उघडली.

"त्या विमानाच्याही दोन्ही उघडायच्या ना, विनायक?"

राजाभाऊंनी मागे वळून पाहिलं. विनायक घाम पुसत होता, फेब्रुवारीच्या गार वाऱ्यात.

"उजवीकडची कडी तुटली होती," शेवटी तो म्हणाला. "हवेत उघडून धडधडायची. नवी कडी येईपर्यंत मी स्क्रू मारून बंद केली होती. सुरक्षितच होतं, खरंच. पण चौकशीवाल्यांना कळलं तर खिडकीचं खापर माझ्या डोक्यावर फोडतील, म्हणून गप्प बसलो."

"मानसला माहीत होतं?"

"निघण्यापूर्वी मीच दाखवलं. स्क्रू ओढून बघितला, म्हणाला, मी उजवीकडे बसून सोडणार होतो, डावा हात दांड्यावर राहिला असता. मग म्हणाला, ठीक आहे, डावीकडूनच सोडीन."

राजाभाऊ पुन्हा त्या डाव्या खुर्चीत बसले. डाव्या हातात तांब्या आहे असं धरलं. पितरांना काही अर्पण करायचं ते उजव्या हातानं, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून. म्हणून त्यांनी उजवा हात छातीवरून आडवा खिडकीबाहेर नेला. पट्टा आड आला. तो सोडल्याशिवाय हात बाहेर पोचेना. मानसचा पट्टा सुटलेला सापडला होता. पोलिसांनी लिहिलं होतं, मरायचं ठरवलेला माणूस पट्टा कशाला बांधेल.

दोन्ही हात गुंतले. दांड्यासाठी तिसरा हात कुठून आणायचा?

"विनायक," ते आतूनच म्हणाले, "विमान मानस चालवतच नव्हता. अनुराग चालवत होता."

विनायक दाराला धरून उभा राहिला. "पण अनुरागनं... नाही साहेब. मानस असं करणार नाही. लायसन्स अनुरागकडेही आहे, पण त्याचं मेडिकल संपलेलं आहे. मी किती वेळा सांगितलं, करून ये. करतो, करतो म्हणतो, करत नाही. मेडिकल नसेल तर लायसन्स नुसता कागद. त्या दिवशी तो प्रवासी होता."

"तो मेडिकल का करत नाही, याचं मानसला काय वाटायचं?"

"आळस. आम्हा सगळ्यांना तेच वाटायचं."

वीस-बावीस वर्षांचा असल्यापासून विमानाचं वेड असलेला माणूस. आणि डॉक्टरकडे जायचा आळस! राजाभाऊ खाली उतरले.

४

अनुरागला पानिपतहून दिल्लीत, द्वारकेच्या हॉस्पिटलात हलवलं होतं. राजाभाऊ पिशवीभर किन्नू, म्हणजे उत्तरेकडची संत्री, घेऊन गेले. डोक्यात सगळं पक्कं झालं होतं: हा चालवत होता, यानं चूक केली, आणि आता मेलेल्यावर ढकलतोय. तोंडावर सांगायचं आणि निघायचं.

अनुराग उशीला टेकून बसला होता. पाय प्लास्टरमध्ये, छातीला पट्टे. चेतना त्याच्याजवळ बसलेली. भाऊसाहेबांची धाकटी, मानसची लाडकी, आता पोटुशी. रडून रडून डोळे आत गेलेले.

"काका, कशाला दगदग केलीत," ती म्हणाली.

"किन्नू आणलेत. खा रे अनुराग."

अनुरागनं एक किन्नू घेतला आणि अंगठ्यानं साल सोलायला लागला. नीट, सावकाश, एका पट्टीत. राजाभाऊ बघत राहिले आणि तोंडाशी आलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

विमान नाकावर आदळताना चालवणारा दांडा घट्ट धरून असतो. जीव वाचवायला जिवाच्या आकांतानं मागे ओढत असतो. आदळलं की तो दांडा आधी त्याचे अंगठे मोडतो, मग मनगटं. राजाभाऊंनी असे हात पाहिले होते. ही गोष्ट त्यांनी कधी फुगवून सांगितली नव्हती, कारण कधी सांगितलीच नव्हती. आणि अनुरागचे दोन्ही अंगठे धडधाकट होते.

मानसचे हात तांब्यात. अनुरागचे हात शाबूत. मग विमान चालवत कोण होतं?

कुणीच नाही.

तेवढ्यात अनुरागनं एक फोड तोंडात टाकली आणि कळवळून डोळे मिटले.

"आंबट आहे का रे?"

"नाही काका, जीभ. कडेला चावली गेलीय. बरीच."

"अपघातात लागली असेल," चेतना घाईनं म्हणाली.

"असेल," राजाभाऊ म्हणाले. "अनुराग, शेवटी काय झालं, एकदा सांगशील? वहिनींना सांगायचंय."

अनुरागनं चेतनाकडे बघितलं. मग पाठ केल्यासारखं बोलायला लागला. "अस्थी टाकून झाल्या. मग दादा रडायला लागला. दादा म्हणाला, आता कशासाठी जगायचं. मग दादानं दांडा..."

राजाभाऊंनी मान हलवली, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि उठले. अनुराग मानसपेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. गेली सहा वर्षं त्यानं त्याला फक्त 'मानस' म्हटलं होतं, फार तर 'साला' म्हणून खिजवलं होतं. त्या घरात मानसला दादा म्हणणारं माणूस एकच होतं.

५

"चला काका, मेट्रोपर्यंत सोडते," चेतना म्हणाली.

गाडी अनुरागची. मोठी, उंच, त्यानं हौसेनं घेतलेली. तिच्या स्टिअरिंगला कुणाला हात लावू देत नसे. चेतना सराईतपणे बसली. खुर्ची तिच्या उंचीनुसार पुढे घेतलेली, पाठीला उशी लावलेली, आरशाला कुंकवाची डबी अडकवलेली. जागा चांगली अंगवळणी पडली होती.

"छान चालवतेस. अपघातानंतर तुलाच बघावं लागत असेल सगळं."

"नाही, दिवाळीपासूनच मीच..." ती थांबली. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलली नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवून आकाश डोक्यावर घेतलं.

"बाजूला घे, बाळ," राजाभाऊ म्हणाले.

तिनं घेतली.

"विमानाचं लायसन्स असलेला माणूस दिवाळीपासून गाडी चालवत नाही. मेडिकलला जात नाही. उजवीकडची खिडकी बंद, म्हणून मानसचे दोन्ही हात अस्थी सोडण्यात गुंतलेले. विमान पडतं तेव्हा अनुरागचेही हात दांड्यावर नसतात, आणि जीभ कडेला खोल चावलेली असते. चेतना, त्याला फिट येतात ना?"

तिनं गाडीचं इंजिन बंद केलं.

"एकदा आली होती," ती म्हणाली. "दिवाळीत. गाडी चालवतानाच. देवाच्या दयेनं हळू होती, कठड्याला घासली. डॉक्टर म्हणाले, तपासण्या करा, औषध घ्या, वाहन चालवू नका. तो म्हणाला, कुणाला सांगू नकोस. विमान जाईल माझं. पुन्हा कधीच देणार नाहीत. मी म्हटलं, बरं, पण उडायचं नाही."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी दादा उडवणार होता! हा नुसता बसणार होता, काका! प्रवासी! मी दादाला विचारलंसुद्धा, तूच चालवणार ना? तो म्हणाला, बिल्कुल, लायसन्स माझं आहे." तिनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "खिडकीचं मला कुठं माहीत होतं..."

राजाभाऊंना सगळं दिसलं, आणि डोळे मिटूनही दिसायचं थांबेना. खाली हिरवं पानिपत. मानस म्हणतो, अनुराग, दोन मिनिटं धर, सरळ ठेव फक्त. अनुराग नाही कसा म्हणणार? नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. मानस पट्टा सोडतो, जानवं फिरवतो, खिडकीबाहेर हात नेतो. तोंड खिडकीकडे, पाठ अनुरागकडे. विमान खाली, सावकाश. पाठीमागे अनुरागचे हात दांड्यावरून सुटतात, अंग ताठ होतं, दांड्यावर कोसळतं. मानस वळेपर्यंत गहू जवळ आलेला.

"अनुरागला यातलं काहीच आठवत नसेल," ते म्हणाले.

"फिटमध्ये आठवत नाही. शुद्धीवर आला तेव्हा मला विचारत होता, अस्थी सोडल्या का? दादा कुठंय?" तिचा आवाज चिरकला. "पोलीस बाहेर उभे होते, काका. मला वाटलं, दादा तर गेला. त्याला आता कोण काय करणार? याला तरी वाचवू. मीच सांगितलं त्याला, असं असं झालं म्हणून. त्याला वाटतं, खरंच तसं झालं. त्याला वाटतं, दादानं त्याला मारायचा प्रयत्न केला."

राजाभाऊंनी आयुष्यात पुष्कळ खोटं ऐकलं होतं, बरंचसं स्वतःच्याच तोंडून. पण असं नाही.

"तुमची तर हातोटी आहे," चेतना डोळे पुसत म्हणाली. "आईला काहीतरी सांगा ना. वाऱ्याचा झोत आला, गिधाड आपटलं. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल ती. मुद्दाम केलं नाही, एवढं तिला कळलं की झालं. बाकी कशाला?"

प्रस्ताव वाईट नव्हता. राजाभाऊंना गिधाड दिसायलाही लागलं होतं, पंख पसरलेलं. पण गिधाड सांगायचं तर पोलिसांतला जबाब तसाच राहणार होता. मानस कागदावर कायम आत्महत्या केलेला. आणि आज ना उद्या तो अनुराग पुन्हा कुणाच्या तरी शेजारी बसणार होता. नाहीतर गाडीत. चेतनाच्या पोटातलं मूल उद्या मागच्या सीटवर असताना.

"बाळ," ते दार उघडत म्हणाले, "मी आईकडे निघालोय. गिधाडाशिवाय."

६

प्रभावहिनींनी दार उघडलं, चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता खुर्चीत बसल्या.

राजाभाऊंनी सांगितलं. एकही वाक्य न फुगवता, म्हणून फार लवकर संपलं. खिडकी, जानवं, अंगठे, जीभ, दिवाळी. मग चेतना.

"एक सांगायला हवं," शेवटी ते म्हणाले. "कायद्याच्या दृष्टीनं त्या विमानाचा कप्तान मानसच. मेडिकल नसलेल्याच्या हाती दिलं, हा दोष चौकशीवाले त्याच्या नावावर लिहितील. तो मी पुसू शकत नाही. पण जीव द्यायला त्यानं काही केलं नाही, वहिनी. तो शेवटपर्यंत तुमचं काम करत होता."

खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"मी हट्ट केला नसता तर चालवत तो असता," त्या म्हणाल्या.

राजाभाऊंना खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. "हो."

"आणि पोरीनं सांगितलं असतं तर माझा हट्टही चालून गेला असता."

"हो."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन कुकर धुतला, डाळ घेतली, तांदूळ घेतले, पाणी मोजलं. राजाभाऊंना वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. मग त्यांनी फोन लावला.

पलीकडून चेतनाचा आवाज आला, भिजलेला. "आई? काका आले का? आई, मी..."

"वरण-भात लावलाय," प्रभावहिनी म्हणाल्या. "ये. पोटुशी आहेस, उपाशी राहू नकोस."

"आई, तू रागावली नाहीस?"

"रागावलेय. मरेपर्यंत रागावलेली राहीन. तुझ्यावर, माझ्यावर. आधी जेव. मग दोघी जाऊ पोलिसांकडे. तू तोंडानं सांगायचं, मी शेजारी बसेन."

"अनुरागचं काय होईल?"

"ते तेव्हा बघू. आज त्याला खरं कळायला हवं. आपल्याला मारायला निघालेला मेहुणा घेऊन तो आयुष्य काढणार आहे का? आणि तुझं पोर, कुठला मामा सांगणार आहेस त्याला?"

पलीकडे हुंदका.

"आई, उद्या जाऊ या? आज नको."

प्रभावहिनींनी गॅस पेटवला, कुकर ठेवला, झाकण फिरवून घट्ट केलं. फोन खांद्यावर मानेनं दाबून धरला होता.

"जेवून जाऊ," त्या म्हणाल्या. "पण आजच जाऊ."